बेटावरचे नाणे आणि घाटावरचा बट्टा

ज्याचे नाणे त्याचे राज्य, हे समीकरण आपल्या इतिहासलेखनात फार रुळले आहे. एखाद्या राजवटीवरचे मराठी पुस्तक उघडावे, तर शेवटाकडे ‘नाणी’ या नावाचे चार पानांचे प्रकरण असते. त्यात धातू, वजन आणि दोन्ही बाजूंचा मजकूर दिलेला असतो. मग ‘हे त्या सत्तेच्या सार्वभौमत्वाचे द्योतक होय’ असे एक वाक्य येते आणि प्रकरण आटोपते. ते नाणे टांकसाळीतून निघाल्यावर कोणी घेतले, किती बट्टा कापून घेतले, कोणत्या वेशीपर्यंत चालले आणि कुठे अडले, याची विचारपूस सहसा होत नाही. राजाने नाणे पाडले एवढ्यावर आपण समाधान मानतो. बाजाराने ते मान्य केले की नाही, हा प्रश्न आपल्याला वाण्याचा वाटतो, इतिहासकाराचा वाटत नाही.

हे समीकरण तपासायला बेटे फार उपयोगी पडतात. मोठ्या मुलखाच्या राजाला स्वतःचा बाजार असतो. तिथे हुकमाने नाणे चालवता येते, निदान काही काळ. बेटाच्या धन्याला ती सोय नसते. त्याचे मीठ-मासळी सोडली, तर धान्य, कापड, लाकूड सगळे समोरच्या किनाऱ्यावरून यायचे. बेटावर पाडलेले नाणे खाडी ओलांडून चालले तरच ते नाणे. नाहीतर छाप मारलेला धातूचा तुकडा. कोकणच्या किनाऱ्यावर अशी दोन बेटे जवळजवळ आहेत आणि दोन्हींवर टांकसाळी होत्या. एक मुंबई, दुसरे जंजिरा.

जालन्यात बसून समुद्रातल्या बेटांच्या नाण्यांवर लिहिणाऱ्या माणसाने आपला अधिकार सांगावा, हे रास्तच आहे. पदवीचा अधिकार माझ्याकडे नाही. फारसी अक्षरे लावता येतात ती नाण्यांच्या गरजेपुरती, आणि तीही चाळिशीनंतर शिकलेली. पण आमच्या मराठवाड्याला एक गोष्ट पुण्या-मुंबईकडच्या अभ्यासकांपेक्षा जवळून माहीत आहे, ती म्हणजे दोन रुपयांच्या मध्ये जगणे. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आमच्या आजोबांच्या पिढीला पाढ्यासारखा तोंडपाठ होता. जालन्याची सरकी किंवा कापूस मुंबईला गेला की कलदार यायचा, आणि शेतसारा हालीत भरायचा. मधला फरक कोणाच्या पदरात पडला, हे प्रत्येक शेतकऱ्याला कळत होते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ऐकताना मला नेहमी वाटते की त्या पाळण्याची दोरी सराफाच्या हातात होती. बट्टा म्हणजे काय हे ज्याला घरात कळले, त्याला नाण्यावर कोणाचे नाव आहे यापेक्षा ते कितीला गेले, हा प्रश्न आधी सुचतो.

आता मुंबई. 1661 च्या विवाह-करारात पोर्तुगालने हे बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिले. 1668 मध्ये राजाने ते वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. कंपनीला व्यापार येत होता, राज्य करणे नवीन होते. जेरल्ड आँजिए गव्हर्नर असताना, 1672 च्या सुमारास, बेटावर टांकसाळ सुरू झाली. या टांकसाळीतून निघालेली पहिली नाणी म्हणजे राज्याची हौस कशी असते त्याचा नमुना आहे. चांदीच्या नाण्याला नाव दिले ‘अँग्लिना’, तांब्याच्या नाण्याला ‘कॉपरून’, कथलाच्या नाण्याला ‘टिनी’. चांदीच्या नाण्यावरचा मजकूर लॅटिनमध्ये. एका बाजूला कंपनीचे चिन्ह आणि ‘आ देओ पाक्स एत इन्क्रेमेंतुम’, म्हणजे ईश्वराकडून शांती आणि वृद्धी. दुसऱ्या बाजूला हे इंग्रजी राजवटीतले मुंबईचे नाणे, वर्ष सातवे.

हा मजकूर कोणासाठी लिहिला होता? माझगावच्या कोळ्यासाठी नव्हता, वाळकेश्वरच्या ब्राह्मणासाठी नव्हता, सुरतेच्या बनियासाठी तर नव्हताच. लॅटिन वाचू शकणारे या बेटावर बहुधा पोर्तुगीज पाद्रीच असावेत, आणि त्यांना इंग्रजांची शांती वा वृद्धी दोन्ही नको होते. सूचीकार या नाण्याला ‘पहिले सार्वभौम इंग्रजी नाणे’ म्हणून मान देतात. मला ते दुकानाबाहेर लावलेल्या परभाषेतल्या पाटीसारखे दिसते. पाटी सुंदर आहे. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते.

गिऱ्हाईक पुढे गेले याचा पुरावा इंग्रजांच्याच कागदात आहे. 5 ऑक्टोबर 1676 रोजी राजाने कंपनीला नाणी पाडण्याचा जो अधिकृत परवाना दिला, त्यात अँग्लिना नाही, कॉपरून नाही, टिनीही नाही. परवाना म्हणतो: रुपये, पैसे आणि बझरूक. तिन्ही नावे बाजारातली, आणि शेवटचे तर पोर्तुगीजांच्या चलनातून आलेले. अवघ्या चार वर्षांत लंडनच्या दरबाराला मुंबईच्या भाजीबाजाराची परिभाषा घ्यावी लागली. त्यानंतरच्या चांदीच्या नाण्यावर इंग्रजीत ‘द रुपी ऑफ बाँबैम’ असे आले, आणि भोवती दुसऱ्या चार्ल्सच्या अधिकाराचा मजकूर. नाव रुपयाचे घेतले, अधिकार मात्र अजून आपला. ही अर्धी माघार होती.

या दोन घटनांच्या मध्ये, 1674 मध्ये, एक प्रसंग घडला. त्याकडे आपल्या शिवचरित्रकारांनी जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे दिलेले नाही. राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडन रायगडावर हजर होता, हे सगळे लिहितात. त्याने मुजरा केला, अंगठी नजर केली, हेही येते. शाळेच्या पुस्तकातसुद्धा तसे चित्र असते. पण तो तिथे तहासाठी आला होता, आणि तहाच्या कलमांत एक कलम नाण्यांचे होते. इंग्रजांची मागणी अशी की मुंबईचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे आणि महाराजांचे नाणे मुंबईत. वरकरणी बरोबरीची मागणी. प्रत्यक्षात एका लहान बेटाला सबंध कोकणचा बाजार हुकमाने मिळवून देणारी.

निराजीपंतांमार्फत आलेले उत्तर इंग्रजांच्या टिपणांत नोंदलेले आहे. त्याचा आशय असा: तुमच्या नाण्याला आम्ही आडकाठी करत नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान आहे ते नाणे घ्या, अशी सक्ती आम्ही आमच्या लोकांवर करणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतके कसाचे आणि वजनाचे असेल, तर लोक आपणहून घेतील.

हे उत्तर नीट वाचले पाहिजे. त्याच दिवसांत रायगडावर सोन्याचा होन पडत होता, तांब्याची शिवराई पडत होती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. नाण्यावरचे नाव म्हणजे काय, हे त्या क्षणी हिंदुस्थानात इतक्या ताज्या अर्थाने दुसऱ्या कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. आणि तोच राजा सांगतो आहे की नाणे चालते ते कसाने आणि वजनाने, हुकमाने नाही. आपल्याच नव्या अधिकाराचा उपयोग करून परक्याचे नाणे चालवता येईल, हे त्याने नाकारले. आणि परक्याचे नाणे बंद करण्याचाही आव आणला नाही. ‘ज्याचे नाणे त्याचे राज्य’ या आपल्या आवडत्या वाक्यावर याहून चांगली टीका मला आजवर आढळलेली नाही, आणि ती खुद्द ज्याच्या नाण्यावरून आपण ते वाक्य घोकतो त्याचीच आहे. शिवराईवर आपण भरपूर लिहिले. मिशनरी जस्टिन अॅबट यांनी तर विसाव्या शतकाच्या तोंडाशी हजारो शिवराया गोळा करून अक्षरांचे बारीक फरक तपासले. हेच अॅबट पुढे आपल्या संतांची इंग्रजी भाषांतरे करण्यात रमले. पण शिवाजी महाराजांचा चलनविषयक विचार शोधायचा, तर तो नाण्यांपेक्षा या नाकारलेल्या कलमात जास्त स्पष्ट आहे. तिथे कोणी जात नाही, कारण तिथे जयघोषाला जागा नाही.

इंग्रजांनी त्या उत्तरातून लगेच धडा घेतला असे दिसत नाही. पण पाव शतकात ते लिपी बदलण्यापर्यंत आले. 1690 च्या दशकात मुंबईने फारसी मजकुराचा रुपया पाडला. ढब मोगली, लिपी मोगली, नावे मात्र राजा विल्यम आणि राणी मेरी यांची. लॅटिनकडून इंग्रजीकडे, इंग्रजीकडून फारसीकडे. नाणे घेणाऱ्याच्या दिशेने आणखी एक पाऊल. फक्त हे पाऊल चुकीच्या जागी पडले. लॅटिन मजकूर बादशहाच्या अंमलदारांना खुपला नव्हता, कारण तो त्यांना वाचता येत नव्हता. फारसीत परक्या राजाचे नाव वाचता आले, आणि ते झोंबले.

खाफीखानाने हा प्रसंग टिपून ठेवला आहे. 1695 मध्ये इंग्रज चाच्यांनी बादशाही जहाज गंज-ए-सवाई लुटले. त्या सुमारास तो सुरतेहून राहिरीकडे जाताना मुंबईत उतरला, आणि तिथल्या अधिकाऱ्याशी त्याचे बोलणे झाले. तुम्ही आपल्या राजाच्या नावाने रुपये पाडता, हा आक्षेप निघाला. इंग्रजाचे उत्तर त्याने दिले आहे ते असे: हिंदुस्थानचे नाणे वजनात कमी आणि हिणकस असते, या बेटावर देण्याघेण्यात त्यावरून तंटे होतात, म्हणून आम्ही आपले नाव घालून आपल्या हद्दीपुरते नाणे चालवले. खाफीखानाला इंग्रजांबद्दल प्रेम नव्हते. बेटाचे उत्पन्न नारळ-सुपारीचे, बाकी सगळी कमाई हजच्या जहाजांच्या लुटीची, असे तो लिहितो. तेव्हा संवाद शब्दशः घ्यायचे कारण नाही. पण उत्तरातले शेवटचे शब्द मोलाचे आहेत: आपल्या हद्दीपुरते. वीस वर्षांपूर्वी सबंध कोकण मागणाऱ्या बेटाच्या नाण्याची वेस आता बेटाच्या काठाशी आली होती.

त्यातून सुटका झाली ती 1717 मध्ये. फर्रुखसियर बादशहाच्या फर्मानाने मुंबईला बादशाही रुपया पाडण्याची मुभा मिळाली. अट एकच, कस सुरतेच्या रुपयाबरोबरचा हवा. त्यानंतर बेटावरच्या रुपयावर नाव आले ते बादशहाचे. विल्यम गेला, मेरी गेली, जॉर्जही चांदीवर आला नाही. तांब्याच्या आणि तुतेनागाच्या सुट्या पैशांवर मुकुट राहिला, ‘इंग्लंडच्या राजाच्या व पार्लमेंटच्या कृपेने’ अशा अर्थाचे लॅटिन राहिले. पैसा बेटावरच फिरतो, तिथे हौस परवडते. रुपयाला खाडी ओलांडायची होती. त्यावर मोहम्मदशाह, आलमगीर दुसरा, शाहआलम, जो दिल्लीला असेल तो. आणि गंमत अशी की या फारसी रुपयावर टांकसाळीचे नाव येते ‘मुनबई’. बाँबैम नाही, बॉम्बे नाही. आपले नाव खोडून परक्या बादशहाचे नाव घालणाऱ्या या नाण्यानेच गावाचे नाव मात्र गावकऱ्यांच्या उच्चाराच्या सर्वांत जवळ नेले.

सार्वभौमत्वाच्या मोजपट्टीने पाहिले तर हा सगळा क्रम उतरणीचा आहे. बाजाराच्या मोजपट्टीने तो चढणीचा आहे. नाव जितके मागे गेले तितका रुपया पुढे गेला. पुण्यात पेशव्यांनी तेच केले. अंकुशी रुपयावर अंकुश आपला, नाव बादशहाचे. याला आपण कधी दिल्लीनिष्ठा म्हणतो, कधी मुत्सद्देगिरी. सराफ त्याला सवयीचे नाणे म्हणाला असता.

आता दुसरे बेट. राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरचा जंजिरा आपल्याला माहीत आहे तो एकाच विशेषणाने: अजिंक्य. निजामशाहीपासून तिथे हबशी अंमलदार होते. ती बुडाल्यावर ते आदिलशाहीकडे गेले, 1670 नंतर मोगलांकडे. शिवाजी महाराजांना तो मिळाला नाही, 1682 च्या वेढ्यात संभाजी महाराजांनाही नाही. याच सिद्द्यांचा याकूतखान 1689 मध्ये शिवडीला उतरला आणि वर्षाहून अधिक काळ मुंबई बेटाचा बराच भाग दाबून बसला. म्हणजे एका टांकसाळीच्या बेटाने दुसरे जवळजवळ गिळलेच होते. ही लढायांची बाजू आपल्याकडे विपुल आहे. जंजिऱ्याच्या राज्याचा कारभार, महसूल, चलन यांबद्दल मराठीत वाचायला गेले तर हाताला फारसे लागत नाही. जे लागते ते बहुतेक 1883 च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरमधून उचललेले.

त्या गॅझेटियरमधल्या एका वाक्याने जंजिऱ्याच्या नाण्यांचा निकाल लागला आहे. वाक्याचा आशय: 1834 मध्ये इंग्रज सरकारने जंजिरा आपल्या सत्तेखाली असल्याचे जाहीर करून तिथली टांकसाळ बंद केली, जी हिणकस नाणी काढीत असे. आमच्या लेखकांनी या वाक्याचे शेपूट तेवढे घेतले. सिद्दीची नाणी खोटी होती म्हणून टांकसाळ बंद झाली, असे ते मराठीत उतरते. मूळ वाक्य जसे आहे तसे वाचले, तर आधी येते ती सत्तेची घोषणा, मग टांकसाळ बंद होणे, आणि हिणकसपणा शेवटी एखाद्या विशेषणासारखा येतो. त्यापुढे वर्ष लक्षात घ्या. 1835 मध्ये कंपनीने तिन्ही इलाख्यांसाठी एकच रुपया कायद्याने ठरवला, 180 ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. ज्याला स्वतःचे एकच नाणे सगळीकडे चालवायचे आहे, त्याच्या लेखी शेजारच्या टांकसाळीतले नाणे चांगले असून भागत नाही. वाईट असेल तर सोपे जाते एवढेच.

म्हणून जंजिऱ्याचा रुपया उत्तम होता असे मी म्हणत नाही. तो हिणकस असेलही. त्या काळच्या लहान टांकसाळी ठेक्याने चालत. रानड्यांनी 1899 च्या आपल्या निबंधात पेशवे दप्तरातून नागोठण्याच्या आणि रेवदंड्याच्या परवान्यांची माहिती दिली आहे, शेजारचाच मुलूख. नाण्यांचा कस घसरतो म्हणून नवा परवाना, तो पुन्हा घसरतो म्हणून आणखी कोणाला, असा तो कारभार. माझा आक्षेप वेगळा आहे. मुंबईच्या रुपयाला आपण वजनाने आणि कसाने मोजतो, जंजिऱ्याच्या रुपयाला त्याच्या शत्रूच्या आणि मागाहून आलेल्या धन्याच्या शब्दाने. अजिंक्य म्हणून ज्याचे कौतुक करायचे त्याच बेटाला हिणकस म्हणायला आपल्याला एक उसने वाक्य पुरते. वजनकाटा पुढे आणायला नको का? उपलब्ध नाणी घ्यावीत, ग्रॅममध्ये वजने लिहावीत, विशिष्ट गुरुत्व काढावे, आणि त्याच दशकातल्या अंकुशी, सुरती व मुंबईच्या रुपयांशेजारी ठेवावे. हे काम लाखांचे नाही, संयमाचे आहे.

या कामात ज्या सूच्यांचा आधार घ्यावा लागतो त्यांच्याबद्दलही बोलले पाहिजे. कंपनीच्या नाण्यांवर प्रिडमोरचा 1975 चा ग्रंथ आणि मराठ्यांच्या टांकसाळींवर माहेश्वरी व विगिन्स यांचा 1989 चा ग्रंथ, दोन्हींचे ऋण मोठे आहे. माझ्यासारख्या गावाकडच्या माणसाला तर ती पुस्तके नसती तर अंधारच होता. पण सूचीची म्हणून एक दृष्टी असते: राजा, वर्ष, प्रकार, दुर्मिळता. त्यापुढे लिलावांच्या पुस्तिका आल्या आणि त्यांनी ‘अवस्था’ हा आणखी एक रकाना जोडला. या रकान्याने एक नुकसान केले आहे. जुन्या रुपयांवर बारीक खड्डे, चंद्रकोरी, फुल्या असे ठोकलेले ठसे दिसतात. ते सराफांचे. नाणे हातात आले की सराफ त्यावर टोचणी मारून आतली चांदी बघायचा आणि आपली खूण उमटवायचा. लिलावाच्या पुस्तिकेत या खुणा म्हणजे दोष. त्या असल्या की किंमत पडते, कोरे नाणे महाग जाते.

मला हे उलटे वाटते. कोरा रुपया म्हणजे कोणी न वाचलेले पुस्तक. तो टांकसाळीतून निघून थेट कोणाच्या हंड्यात गेला. ज्याच्यावर सात-आठ सराफांच्या खुणा आहेत तो सात-आठ वेळा तपासला गेला आणि प्रत्येक वेळी पुढे चालला. टांकसाळीचा ठसा सांगतो की हे नाणे कोणी काढले. ते कोणी मान्य केले, हे या खुणा सांगतात. 1674 मध्ये रायगडावरून जी कसोटी सांगितली गेली, तिचे निकाल याच खुणांमध्ये नोंदलेले आहेत. मुंबईच्या लॅटिन नाण्यांवर अशा खुणा किती, फारसी रुपयांवर किती, जंजिऱ्याच्या रुपयांवर किती, एवढी मोजणी झाली तरी या लेखातला निम्मा वाद मिटेल; माझ्या बाजूने मिटेल असेही नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. नाणे कुठे चालले हे कळायला ते कुठे सापडले हे माहीत हवे, आणि नेमके तेच हरवते. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. दहा रुपये ही रक्कम त्या काळी काही होती. आज एक साधी शिवराईही त्यात बसत नाही, म्हणजे कायदा अक्षरशः पाळायचा तर नांगरटीत निघालेल्या प्रत्येक पैशासाठी अर्ज करायला हवा. तो कोणी करत नाही. लोकांना भीती एवढीच कळते की सरकार घेऊन जाईल आणि वर चौकशी लावील. मग चांदी मुशीत जाते, तांबे भंगाराच्या भावाने जाते, आणि जे वाचते ते प्लॅस्टिकच्या खणांत घालून गावोगावच्या प्रदर्शनांत फिरते. कोकणातले नाणे जालन्यात विकायला येते, जालन्यातले सोलापुरात. विक्रेत्याला विचारले तर उत्तर ठरलेले: एका जुन्या वाड्यातले आहे.

हा वाडा कोणत्या गावचा, यावर इतिहास अवलंबून असतो. मुंबईचा 1717 पूर्वीचा एखादा रुपया घाट चढून बालाघाटापर्यंत आला होता, हे एका खात्रीच्या नोंदीने कळले तर ‘हद्दीपुरते’ या शब्दाला मी दिलेला अर्थ बदलावा लागेल. जंजिऱ्याचा रुपया रोहा-महाडच्या बाजारात अंकुशीबरोबर एकाच मडक्यात सापडला, तर गॅझेटियरच्या विशेषणाला उत्तर मिळेल. 1679 मध्ये मराठ्यांनी जालन्याची पेठ लुटली, तेव्हा इथल्या सावकारांच्या पेट्यांतून निघालेले सुरती रुपये कोणत्या किल्ल्यापर्यंत गेले, हेही अशाच एखाद्या मडक्यावरून कळू शकले असते. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेसारखी ठिकाणे आहेत, पुराभिलेख आणि वस्तुसंग्रहालये आहेत; पण मडके त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी त्याचे गाव पुसलेले असते.

माझ्याकडे महिन्या-दोन महिन्यांतून कोणीतरी नाणे घेऊन येतो. पहिला प्रश्न ‘किंमत किती’, दुसरा ‘कोणत्या राजाचे’. मी वही काढतो आणि आधी शेताचा गट नंबर विचारतो. बरेच जण तिथेच नाणे खिशात टाकतात. आमच्या तालुक्यातल्या काही गावांनी मात्र गेल्या काही वर्षांत नंबर सांगायला सुरुवात केली आहे. त्यांची नावे मी लिहीत नाही, फक्त गट, खोली, मडक्याचे तुकडे आणि वजन लिहितो. आजवर त्यात बेटावरचे एकही नाणे आलेले नाही.